हार्ट्स पासचा कच्चा रस्ता: आई-बाबांना घेऊन मिनीव्हॅनने जावं का?

ऋतुगंध (बॉथेल, वॉशिंग्टन), १४ सप्टेंबर, रात्री

नमस्कार मंडळी. आई-बाबा पुण्याहून आलेत, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आहेत. आईला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. तिला सोनेरी लार्च दाखवायचेत. सूचिपर्णी असूनही ज्याची पानं पिवळी होऊन गळतात असं झाड असतं, यावर तिचा अजून विश्वास नाही! कुणीतरी सांगितलं की हार्ट्स पासला, म्हणजे इथल्या डोंगरातल्या एका खिंडीला, गाडी थेट वर जाते आणि झाडं रस्त्याला लागूनच आहेत.

पण रस्त्याबद्दल जे वाचतेय त्याने पोटात गोळा येतो. फॉरेस्ट रोड ५४००, कच्चा, अरुंद, एका बाजूला दरी, कठडा नाही. आमची मिनीव्हॅन आहे, फोर व्हील ड्राइव्ह नाही. नवरा म्हणतो जाऊ, बाबा म्हणतात आम्ही वरंधा घाट बघितलाय. मी गाडी चालवणार आहे म्हणून मला खरं उत्तर हवंय. या जंगलातल्या रस्त्यांवर नक्की काय वाढून ठेवलेलं असतं?

वाटाड्या, १४ सप्टेंबर, रात्री

ताई, हार्ट्स पासला मी पाच वेळा गेलोय. दोनदा साध्या सेडानने. कोरड्या दिवसात मिनीव्हॅन जाते. प्रश्न गाडीचा कमी आणि चालवणाऱ्याच्या मनाचा जास्त.

पायथ्याच्या मझामा गावापासून साधारण २० मैल. सुरुवातीला डांबर, मग खडी-माती. मझामा २१०० फुटांच्या आसपास आणि खिंड ६१९८ फुटांवर, म्हणजे चार हजार फूट चढ. वाटेत डेड हॉर्स पॉइंट लागतो. तिथे कडा फोडून रस्ता काढलाय, एका गाडीपुरताच, आणि खाली नजर ठरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाणींसाठी ही वाट काढली तेव्हा ओझ्याची घोडी इथून दरीत गेली म्हणून हे नाव. या रस्त्यावर ट्रेलर न्यायला बंदी आहे, यावरून अंदाज घ्या.

खिंडीच्या वर स्लेट पीककडे आणखी एक फाटा चढतो, ७००० फुटांच्या पुढे. वॉशिंग्टन राज्यात गाडीने याहून उंच जाता येत नाही. आईंना चालायचं नसेल तर तिथपर्यंत जा. शेवटी फाटक आहे, त्यापुढचा थोडासा चढ पायी. पण लार्च बघायला फाटकापर्यंतही जायची गरज नाही, ते खिंडीपासूनच दिसायला लागतात.

एकच अट. शनिवार-रविवारी अजिबात जाऊ नका. लार्चच्या दोन आठवड्यांत सगळं सिएटल तिथे असतं, आणि एका गाडीच्या रस्त्यावर समोरून बारा गाड्या आल्या की मागे घ्यायला जागा राहत नाही. मंगळवार-बुधवार, सकाळी सातला मझामा सोडा.

गारवा (पोर्टलंड), १५ सप्टेंबर

माझा अनुभव लिहिते, कारण माझी चूक टाळता येण्यासारखी होती.

तीन वर्षांपूर्वी आम्ही भाड्याची एसयूव्ही घेऊन ओरेगनमधल्या एका फॉरेस्ट रोडवर गेलो. दिसायला दणकट गाडी, म्हणून निर्धास्त. दहा मैल आत गेल्यावर स्टिअरिंग जड झालं. उतरून पाहिलं तर मागच्या टायरच्या बाजूला, जिथे रबर सर्वात पातळ असतं तिथे, बोटभर चीर. खाली खडीतून वर आलेला एक काळा दगड, कडा कोयत्यासारखी. अशा चिरेला ठिगळ लागत नाही. डिकी उघडली तर स्टेपनी नाहीच! एक छोटा पंप आणि पंक्चरच्या द्रावणाची बाटली, जी खिळ्याच्या भोकाला चालते, चिरेला नाही. मोबाइलला रेंज नाही. दुपारी चारपर्यंत तिथेच. शेवटी शिकारीला आलेल्या एका जोडप्याने आम्हाला गावात सोडलं. टोइंगवाल्याने कच्च्या रस्त्यावर यायचे वेगळे पैसे घेतले, आणि भाड्याच्या करारात बारीक अक्षरात होतं की डांबर सोडलं की विमा लागू नाही. सगळा खर्च आमच्या अंगावर आला.

ऋतुगंध, आज रात्रीच डिकीतलं पुठ्ठ्याचं झाकण उचलून बघ. स्टेपनी आहे का, तिच्यात हवा आहे का, जॅक आणि पाना जागेवर आहेत का. बऱ्याच नव्या हायब्रिड गाड्यांत स्टेपनी देतच नाहीत. आणि रोडसाइड असिस्टन्सला आधीच फोन करून विचार की फॉरेस्ट रोडवर येतात का.

ऋतुगंध, १५ सप्टेंबर

गारवा, आत्ता पार्किंगमध्ये जाऊन आले. स्टेपनी आहे, ती बारीकवाली. हवा जवळजवळ नव्हती! चार वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. उद्या भरून घेते. मनापासून आभार.

निवृत्त_बांधकाम (नाशिक), १६ सप्टेंबर

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीच घाटरस्त्यांवर. मुलगा आयडाहोत असतो, त्याच्याबरोबर तिथले जंगलातले रस्ते पाहिले आहेत. चालकांनी काय पाहावं ते सांगतो.

कच्चा रस्ता पाण्याने मरतो. डोंगराकडच्या गटारातून पाणी मोरीपाशी येतं आणि नळातून रस्त्याखालून दरीकडे जातं. मोरीच्या तोंडाशी फांद्या-पाचोळा अडकला की पाणी रस्त्यावर चढतं आणि दरीकडची कड आतून पोखरायला लागतं. वरून रस्ता अखंड दिसतो, पण खाली पोकळ. म्हणून पावसानंतर जाताना दरीकडच्या कडेवर चाक नेऊ नये. कडेला समांतर, केसासारखी बारीक भेग दिसली तर उतरून पाहावं. ती भेग म्हणजे भराव सुटत चालला आहे.

दुसरं, रस्त्याला आडवे चर दिसतात. तो खड्डा नसतो, पाणी बाहेर काढण्यासाठी मुद्दाम ठेवलेली रचना असते. सरळ घेतला तर बुटक्या गाडीचं नाक आपटतं. एक चाक आधी, मग दुसरं, असा तिरका आणि अगदी सावकाश घ्यावा.

तिसरं, पन्हाळी पत्र्यासारखा झालेला रस्ता, ज्याला तिकडे वॉशबोर्ड म्हणतात. तो चाकांनीच तयार होतो. वेगातलं चाक एका उंचवट्यावरून किंचित उडतं, पुढे आपटतं, तिथे खळगा, पुढे उंचवटा, आणि हजार गाड्यांनी तेच केलं की लाटा पक्क्या होतात. लाटा चढावर आणि वळणांवर सर्वात खोल, कारण तिथे लोक ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दाबतात. अशा जागी गाडी रस्ता सोडून तरंगते आणि मागचं टोक बाजूला सरकतं. वळणाआधीच वेग कमी करावा, वळणात ब्रेक नको.

पायवाट (यूजीन, ओरेगन), १६ सप्टेंबर

निवृत्त_बांधकाम काका, हे वाचून कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला. मी पाटी कशी वाचायची ते लिहितो, कारण या रस्त्यांची पाटीच अर्धं सांगून जाते.

अमेरिकन फॉरेस्ट सर्व्हिसच्या ताब्यात सुमारे ३ लाख ७० हजार मैल रस्ते आहेत, आणि देखभालीच्या १ ते ५ पायऱ्या. पायरी १ म्हणजे वाहनांना बंद. २ म्हणजे उंच गाड्यांसाठी, ३ पासून पुढे साधी कार धरलेली. हे आकडे रस्त्यावर लिहिलेले नसतात, पण तपकिरी पाटी बघा. क्रमांक आडवा लिहिला असेल तर साध्या गाडीला सहसा चालतो. उभ्या खांबावर एकाखाली एक आकडे असतील तर तो उंच गाड्यांचा रस्ता, तुम्ही मिनीव्हॅन वळवू नका. क्रमांक जितका लांब तितका रस्ता लहान: दोन आकडी मुख्य, चार आकडी फाटा, त्यापुढे जोडलेले तीन आकडे म्हणजे फाट्याचा फाटा, जो कुठल्यातरी जुन्या तोडीच्या जागेत संपतो.

आणि ‘तोड’ हा शब्द महत्त्वाचा आहे. यातले बहुतेक रस्ते सहलीसाठी काढलेच नव्हते, लाकूड उतरवायला काढले होते. तोडीचं काम चालू तोवर रस्त्याची डागडुजी होत राहायची. १९९० मध्ये जुन्या जंगलात राहणाऱ्या ठिपक्यांच्या घुबडाला संरक्षण मिळालं, १९९४ मध्ये इथल्या सरकारी जंगलांसाठी नॉर्थवेस्ट फॉरेस्ट प्लॅन आला, आणि इथली तोड खूप घटली. जंगलासाठी ते चांगलंच झालं असं मला मनापासून वाटतं. पण रस्त्यांचा पैसाही त्याबरोबर आटला. म्हणून गेल्या वर्षी छान असलेला रस्ता यंदा तसाच असेल असं धरून चालू नका.

कुठला रस्ता कुठल्या वाहनाला कधी खुला आहे, हे मोटर व्हेइकल यूज मॅपवर असतं. फुकट मिळतो, काळापांढरा. त्यावर चढ-उतार दिसत नाहीत, म्हणून सोबत दुसरा नकाशा हवा. दोन्ही घरून निघण्याआधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

वाटाड्या, १६ सप्टेंबर

नकाशाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी.

नोव्हेंबर २००६. सॅन फ्रान्सिस्कोचे जेम्स किम, पत्नी आणि दोन लहान मुली थँक्सगिव्हिंगनंतर ओरेगनच्या किनाऱ्याकडे निघाले होते. महामार्गाचं वळण चुकलं, म्हणून डोंगरातून जाणारा बेअर कॅम्प रोड धरला. वर बर्फ, अंधार, आणि एका फाट्यावर ते लाकूडतोडीच्या रस्त्यात शिरले. गाडी अडकली. पेट्रोल असेपर्यंत हीटर चालवला, मग धूर दिसावा म्हणून टायर जाळले. आठवडा उलटल्यावर किम मदत शोधायला पायी निघाले. पत्नी आणि मुली ४ डिसेंबरला गाडीपाशीच जिवंत सापडल्या. किम यांचा मृतदेह ६ डिसेंबरला एका ओढ्याच्या घळीत मिळाला. ते स्वतःच्या मुलींसाठी चालत राहिले, त्यांना कुणी नावं ठेवू नयेत.

मी इतकंच घेतलं की नकाशावर रेघ आहे म्हणजे रस्ता उघडा आहे असं नाही. हे रस्ते हिवाळ्यात कुणी साफ करत नाही. आणि अडकलो तर गाडी सोडायची नाही, कारण हेलिकॉप्टरला गाडी दिसते, झाडाखालचा माणूस दिसत नाही. निघण्यापूर्वी घरी कुणाला तरी रस्त्याचा क्रमांक आणि परतायची वेळ लिहून द्या. नव्या आयफोनमध्ये, १४ पासून पुढे, उपग्रहावरून मदत मागता येते. पण घनदाट झाडीत आकाश दिसत नाही, तेव्हा उघड्या जागेवर जाऊन करावं लागतं.

कोकणकडा (बर्नबी, ब्रिटिश कोलंबिया), १७ सप्टेंबर

सीमेच्या अलीकडे आमच्याकडे हेच रस्ते फॉरेस्ट सर्व्हिस रोड म्हणून ओळखले जातात, पण इथे बऱ्याच ठिकाणी लाकडाचे ट्रक आजही धावतात. त्यामुळे इथे येणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहितोय.

रस्त्याच्या कडेला किलोमीटरच्या पाट्या असतात. ट्रकवाले रेडिओवर आपण कुठे आहोत ते पुकारतात: रस्त्याचं नाव, किलोमीटर, आणि ‘अप’ किंवा ‘डाउन’. हा चढ-उतार नव्हे! आकडा वाढत जाणारी दिशा अप, कमी होत जाणारी डाउन. चॅनेल कोणता ते रस्त्याच्या तोंडाशी पाटीवर असतं. असा रेडिओ वापरायला परवाना लागतो, बहुतेक सहलवाल्यांकडे तो नसतोच. मग काय करायचं? दिवे सतत चालू, खिडकी थोडी उघडी, आणि वळणापलीकडे धुळीचा लोट दिसला की जिथे रुंद जागा असेल तिथे आधीच थांबायचं. भरलेला ट्रक उतारावर तुमच्यासाठी थांबू शकत नाही. त्याला वाट द्यायची, मग आपण चढत असलो तरी.

वेगमर्यादा पाटी नसेल तिथे ताशी ८० किमी आहे. ती मर्यादा आहे, चालवायचा वेग नव्हे. मी तिशीच्या पुढे क्वचितच जातो.

ऋतुगंध, १७ सप्टेंबर

दोन प्रश्न. एक, समोरून गाडी आली तर मागे कुणी घ्यायचं? दोन, टायरमधली हवा कमी करावी का?

वाटाड्या, १७ सप्टेंबर

पहिल्याचं उत्तर तुमचे बाबा देतील, आपल्या घाटातलाच नियम आहे: चढणाऱ्याला आधी वाट. उतारावरून रिव्हर्समध्ये वर जाणं सोपं, गाडी ताब्यात राहते. पण नियमापेक्षा रुंद जागा कुणाला जवळ आहे ते पाहायचं. म्हणून चढताना प्रत्येक रुंद जागा मनात मोजत जा: आत्ता मागे एक गेली, दोन वळणांपूर्वी एक होती. मागे घ्यायची वेळ आली तर कुणीतरी खाली उतरून दिशा दाखवावी, आणि खिडकीच्या काचा खाली ठेवाव्यात म्हणजे आवाज ऐकू येतो.

हवेचं: पंप जवळ असेल तरच कमी करा. ३५ वरून २८-३० पर्यंत आणलं की लाटांवर धक्के कमी बसतात आणि पकड सुधारते. डांबरावर आल्यावर परत भरायची.

उतरताना लो गिअर. चार हजार फूट ब्रेकवर उतरलात तर मझामाला पोचेपर्यंत ब्रेकचा जळका वास येईल.

गारवा, १७ सप्टेंबर

मार्बलमाउंटनंतर हायवे २० वर सत्तरेक मैल पंप नाही, टाकी तिथेच भर. गाडी ट्रेलहेडला, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, उभी करणार असशील तर नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास घे, दिवसाचा ५ डॉलर, वर्षाचा ३०. आणि आईंसाठी उलटीची गोळी डांबर संपायच्या आधी, नंतर नाही.

पायवाट, १८ सप्टेंबर

एक राहिलं. मझामाच्या आसपास २०२१ मध्ये दोन मोठे वणवे झाले, सीडर क्रीक आणि कब क्रीक. जळलेल्या डोंगरावर मुळं माती धरत नाहीत, अर्ध्या तासाच्या जोरदार पावसातही चिखल-दगड रस्त्यावर उतरतात. जळकी उभी झाडं वाऱ्यात न सांगता पडतात. अशा भागात गाडी लावून जेवायला बसू नका. अंदाजात गडगडाट असेल तर सरळ रद्द करा. हायवे २० सुद्धा चिखलाने बंद पडतो, मग शेकडो मैलांचा वळसा.

ऋतुगंध, १ ऑक्टोबर, रात्री

जाऊन आलो! सविस्तर लिहिते, या आठवड्यात जाणाऱ्यांना उपयोग होईल.

सोमवारी विंथ्रॉपला मुक्काम, काल मंगळवारी सव्वासातला मझामा सोडलं. आदल्या दिवशी रेंजर ऑफिसला फोन केला होता, त्यांनी सांगितलं रस्ता उघडा, कोरडा, वर बर्फ नाही. डांबर संपल्यावर पहिले काही मैल वॉशबोर्ड, विशेषतः चढाच्या वळणांवर. निवृत्त_बांधकाम काकांचं वाक्य डोक्यात होतं, वळणाआधीच वेग उतरवत गेले. ताशी १२-१५ मैल. आडवे चर तीन लागले, तिरके घेतले, एकदाही खाली घासलं नाही.

डेड हॉर्स पॉइंटच्या मधोमध समोरून पिकअप आला. रुंद जागा आमच्या मागे, साठ-सत्तर फुटांवर. त्याच्या मागे आणखी दोन गाड्या होत्या, म्हणून मीच मागे घ्यायचं ठरवलं. माझे हात थरथरत होते. बाबा न बोलता उतरले, गाडीच्या मागे डोंगराच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि एका हाताने कड्याला टेकून दुसऱ्या हाताने खुणा करायला लागले. ‘येऊ दे... येऊ दे... थोडं डावीकडे... येऊ दे... बास.’ मी आरशात फक्त त्यांचा हात बघत होते. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाचा तो हात जराही हलत नव्हता. पिकअपवाल्याने जाताना काच खाली करून बाबांना सलाम केला. आई डोळे मिटून जप करत होती, गाडी थांबल्यावरच उघडले.

आणि वर! खिंडीच्या पुढे उतारच्या उतार पिवळे. स्लेट पीकच्या वाटेवर एका कडेला थांबलो, झाडं रस्त्याला लागूनच. आईने एका फांदीला हात लावला आणि तिच्या तळहातावर पिवळ्या सुया गळून पडल्या. लोकरीसारख्या मऊ, टोचतच नाहीत. तिने त्या रुमालात बांधून घेतल्या. म्हणाली, शेजारच्या काकूंना दाखवायला हव्यात, नाहीतर विश्वास बसणार नाही.

साडेअकराला उतरायला लागलो, तेव्हा वर येणाऱ्या बावीस गाड्या मोजल्या. आठवड्याच्या मधल्या दिवशी! उतार लो गिअरमध्ये, ब्रेकचा वास आला नाही. टायर चारही शाबूत, स्टेपनीला हात लावावा लागला नाही.

निवृत्त_बांधकाम (नाशिक), २ ऑक्टोबर

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. कड्याच्या बाजूला उभे राहिले ते योग्य केलं, दरीकडे उभं राहून खुणा करणारे पुष्कळ पाहिले आहेत.

कोकणकडा, २ ऑक्टोबर

या शनिवारी आम्ही चार जण जायचं म्हणतोय. दुसरा पर्याय नाही, सुट्टी तेवढीच. किती वाजता निघावं?

वाटाड्या, २ ऑक्टोबर

उजाडायच्या आधी मझामात असा, आणि दहाच्या आत खाली उतरा. पण आत्ता अंदाज पाहिला, शुक्रवारी रात्रीपासून ६००० फुटांवर बर्फ दिसतोय. शुक्रवारी दुपारी विंथ्रॉपच्या रेंजर ऑफिसला फोन करा, ते बंद व्हायच्या आत. सावलीतल्या वळणांवर ते बर्फ दिवसभर वितळत नाही. ‘वर बर्फ आहे’ म्हणाले तर लार्च पुढच्या वर्षी.